पडण्याची तालीम

गल्लीत आता ते तीन झालेत.
परवापर्यंत दोन होते.
पोस्टातली लामारा तर शपथेवर सांगते,
एकाला मी उचलून पुलावरून रिओनीत भिरकावला;
आणि रोज पावासाठी घासाघीस करणाऱ्या बायका
माझ्या दंडांकडे बघत
मुकाट सुटे पैसे मोजतात.

एकच होता.
पोरगाच. मिसरूड नुकतं फुटलेलं, नाक वाहत होतं.
फेब्रुवारी, पहाटेचे चार,
कुताईसीच्या बाजारामागचा उतार बर्फानं काचेसारखा,
आणि मी भट्टी पेटवायला निघालेली,
खांद्याच्या पिशवीत आंबवणाचं गाडगं.

वार्लाम मास्तरांनी अकरा वर्षं शिकवलं मला,
मोटार कारखान्याच्या बंद पडलेल्या कॅन्टीनमध्ये;
ज्युदोच्या चटयांना तिथं कोबीचा वास यायचा.
पहिले तीन महिने नुसतं पडायचं.
मागं पड. कुशीवर पड. हनुवटी छातीला,
आणि तळहात सपाट, सणसणीत, जमिनीवर.
"धक्का हाताला दे, नेस्तान. डोक्याला नको."
मी धुसफुसायचे. पडायला मास्तर कशाला?
ते तर बापानं घरीच शिकवलं होतं,
फुकट.

मग डाव आले. बातुमीचं काशाचं पदक आलं.
अजून एक वाक्य होतं त्यांचं,
ते मी कधी मनावर घेतलं नाही:
"पळता येत असेल तर पळ.
त्याची फी मी घेत नाही."

त्यानं मागून पट्टा धरला.
दुसऱ्या हातात काहीतरी चकाकलं.
पिशवी सोडायची होती. पिशवीत होतं काय?
आंबट पिठाचा गोळा.
पण अकरा वर्षं उसळून कमरेत आली.
मी वळले, त्याची बाही धरायला गेले,
आणि बाही नायलॉनची, माझा मोजा लोकरीचा,
हातात काही येईचना;
आणि पाय,
पाय तर कुणाचेच नव्हते त्या उतारावर.

पडले.
सगळे डाव विसरून नुसती पडले.
हनुवटी छातीला, तळहात खाडकन् बर्फावर.
जमिनीला पाठ टेकली की हरलो म्हणतात;
माझी टेकली आणि मी शाबूत होते.
तो मात्र पट्ट्याला धरून माझ्यावरून गेला.
त्याला पडणं कुणी शिकवलं नव्हतं.

फुटपाथच्या कडेचा तो आवाज
मी कुणाला सांगितलेला नाही.

पळाले. एक बूट तिथंच.
दुकानाला आतून कडी घातली,
दोन्ही हात पाण्यात बुडवून थरथर थांबायची वाट बघितली.
थांबली नाही.
तशीच परत गेले, एका पायात नुसता मोजा.
त्याला कुशीवर वळवलं,
डोक्याखाली माझी शाल घातली,
आणि रुग्णवाहिका येईपर्यंत
त्याचं वाहतं नाक पुसत बसले.
चाकू सफरचंद सोलायचा होता.

पोलिसानं वही उघडून विचारलं,
"कोणता डाव टाकलात?"
त्याला फार ऐकायचं होतं.
मी म्हटलं, "घसरले."
त्यानं ते लिहिलं नाही.

वार्लाम मास्तर जाऊन सहा वर्षं झाली.
कॅन्टीनला कुलूप आहे.
पहाटे मी भट्टीत कमरेपर्यंत वाकते,
लांबवलेली कणीक तापल्या भिंतीवर थापते:
सपाट, सणसणीत.
प्रत्येक थापेला कानात येतं: डोक्याला नको.

पोरगा आता बरा आहे म्हणतात. डाव्या कानानं कमी ऐकतो.
त्याची आई गुरुवारी येते, दोन पाव नेते.
नाणी फळीवर ठेवते, माझ्या हातात देत नाही.
मीही फळीवरूनच उचलते.
तिनं कधी तोंड उघडलंच
तर मला एवढंच सांगायचंय:
पाठवा त्याला. मागच्या खोलीत पिठाची रिकामी पोती आहेत,
अंथरली की चटईसारखी होतात.
तीन महिने.
नुसतं पडायचं.