नमुना आठ

टेपचं एक टोक माझ्या हातात,
दुसरं शिपाई रंगराव पार्टेच्या.
तो ओरडतो, "बासष्ट फूट, भाऊसाहेब!"
आणि तिथंच उभा राहतो,
कारण पुढं बंगला संपत नाही,
जमीन संपते.
खाली धोमचं पाणी, मे महिन्यातलं, आकसलेलं.

घर क्रमांक: चारशे एकोणीस.
वर्णन: आर.सी.सी., काच, तरणतलाव.
मालकाचे नाव: एक कंपनी, प्रायव्हेट लिमिटेड.
ती काय बनवते ते वॉचमनला ठाऊक नाही.
भोगवटादाराचे नाव:
इथं पेन अडतं.

साहेब येतात नाताळात चार दिवस,
एखाद्या लांबलेल्या शनिवार-रविवारी.
एरवी इथं धुकं राहतं.
वानरं गच्चीवर ओळीनं बसून
दरीकडे बघतात,
अगदी सातबारा नावावर असल्यासारखी.
आणि वॉचमनची बायको पारूबाई
रोज तिन्हीसांजेला सोळा खोल्यांतले दिवे लावत जाते,
मग विझवत येते,
चोराला वाटावं, आहे कुणीतरी.
"घरातल्या घरात कोसभर चालणं होतं बघा,"
ती सांगते, तक्रार नाही, नुसता हिशोब.

गावात टँकर तिसऱ्या दिवशी.
इथवरचा डांबरी रस्ता गावाच्या पैशातला,
खांबावरचे दिवेही.
ग्रामसभेत वंदनाताई गोळे उभ्या राहिल्या,
"मोजता कशाला फुटानं?
ज्याचं घर कोटीचं, त्यानं दर साल कोटीच्या मानानं द्यावं.
राहा नाहीतर राहू नका.
कुलपालाही रस्ता लागतोच की!"
टाळ्या पडल्या.
कारकुनानं वाजवू नयेत,
मीही वाजवल्या.

मग घर क्रमांक चारशे वीस.
(या आकड्यावर रंगराव दर वर्षी हसतो.)
पत्र्याचं, दोन गुंठ्यांत,
बाबालाल मुलाणी, वय अठ्ठ्याहत्तर,
पाचगणीच्या बोर्डिंगात चाळीस वर्षं
दुसऱ्यांच्या पोरांच्या चादरी धुतल्या.
रेडी रेकनर माणूस बघत नाही,
गट नंबर बघतो.
मी गुणाकार केला, पुन्हा केला,
कागद त्यांच्याकडे फिरवला.
त्यांनी चष्मा लावला, काढला,
शून्यं बोटानं मोजली.

"ही किंमत माझी न्हाई, त्यांची.
मी एक वीट चढवली न्हाई साहेब.
बंगलं सरकत सरकत दारापातूर आलं
आन् माझा पत्रा जागच्या जागी म्हाग झाला."

मी म्हणालो, विकलं तर जन्माचं भागेल, चाचा.
"भागंल की.
पर सकाळचा चहा कशाकडं बघत पिऊ?"
दरीची पट्टी किती, ते माझ्या पुस्तकात नाही.
पण हेच वाक्य, जरा बऱ्या मराठीत,
चारशे एकोणीसच्या वकिलानंही पाठवलंय,
पंचायतीच्या नोटिशीला उत्तर म्हणून,
आणि तेव्हा मला राग आला होता.

रंगराव पाणी प्यायला गेलेला.
टेपचं टोक बाबालालनी धरलं.
त्यांच्या हातांना सवय:
ताण दिला, एक झटका, सुरकुती मोडली,
आणि चादरीची घडी घालतात तसे
दोन्ही हात पुढं करून
माझ्याकडे चालत आले,
टोकाला टोक लावून दिलं.
मधलं माप जमिनीवर लोळत राहिलं.
मी वाचलंच नाही.

भोगवटादाराचे नाव: स्वतः.
हा शब्द मी रोज पन्नासदा लिहितो.
आज अक्षर जरा मोठं आलं.

निघताना शेजारी दिवे लागायला लागले,
एक, मग दुसरा, मग वरच्या मजल्यावर.
"चालली पारू," चाचा म्हणाले.
वही बगलेत धरून मी उभा राहिलो,
वरचा रकाना अजून कोरा.
शेवटच्या खोलीत ती जरा जास्त वेळ थांबली,
खिडकीशी.
मग तोही विझला.