नियम क्रमांक सात

दर बुधवारी अकराला
काचेपलीकडे सगळे बसलेले दिसतात,
चहाचे कप आत जातात,
आणि मला कुणी बोलावलेलंच नसतं,
म्हणाल्या खरेदी विभागाच्या हेमलता दिघे.
तक्रारीत एवढं लिहिता येत नाही, म्हणून
लिहिलं होतं फक्त :
निमंत्रण येत नाही. तिकीट चव्वेचाळीसशे सतरा.

मकरपुऱ्यात एप्रिलमध्ये दुसरा मजला
ट्रान्सफॉर्मरच्या तेलासारखा तापतो.
मी त्यांच्या खुर्चीत बसलो, त्या बाजूला उभ्या,
तपासणीच्या खोलीत पोराची आई उभी राहते तशा.

आधी घड्याळ पाहिलं. एखादं यंत्र
स्वतःला ग्रीनिचला समजतं
आणि अकराची मीटिंग पहाटे साडेपाचला लावतं.
हे बडोद्यातच होतं.
जंकमध्ये हात घातला :
न मागितलेलं कर्ज, गुडघ्याचं तेल,
कुणा अनोळखी विधवेची इस्टेट.
प्रोफाइल नवं केलं. बंद करून चालू केलं.
आमच्या धंद्यातला हा अंगारा,
निम्म्यांना लागू पडतो.

मग माझ्याकडून एक निमंत्रण धाडलं :
'चहा, आत्ता, इथेच.'
टुणकन आलं.
म्हणजे दार उघडं होतं.
बंद होतं ते एकाच माणसाला.

नियम उघडले. अकरा निघाले.
बिलं इकडे, वर्तुळपत्रं तिकडे, वाढदिवस खाली,
नेटका संसार.
आणि सातवा,
विश्वामित्रीतल्या मगरीसारखा
न हलता, नुसते डोळे वर :
बिपिन अमीन यांच्याकडून काहीही आलं
तर कायमचं पुसा.
पुढचे नियम पाहू नका.

बाई वाचत राहिल्या. ओठ हलत होते.
"अगंबाई," एवढंच.
आणि मग हळू आवाजात, शेजारच्या टेबलाला
मराठी कळत नाही अशा समजुतीने :
"नीडफुल लिहायचं होतं मला.
लिहिलं गेलं, काइंडली डू द नीडलेस.
यांनी ते 'सगळ्यांना उत्तर' करून फिरवलं,
वर एक हसरा चेहरा.
वर्षभर कँटीनमध्ये मी नीडलेसबेन.
मग ते हालोलला गेले, मी विसरले.
आठ वर्षांनी साहेब होऊन आले परत.
त्यांचं सगळं तोंडी असतं, मेलवर नुसती बोलावणी,
म्हणून कळलं नाही.
लेकीच्या लग्नात शेवटच्या पंगतीपर्यंत थांबले होते.
चांगले आहेत हो."

"नियम करायला कुणी शिकवलं?"
"तुम्हीच. ट्रेनिंग होतं ना खालच्या हॉलमध्ये.
उदाहरण दिलंत,
समजा, एखाद्याचं तोंडच बघायचं नाहीये."

मला आठवेना.
हॉल हसला असणार.
एक बाई लिहून घेत असणार.

बाण मी डिलीटवर नेला.
"थांबा," म्हणाल्या. "सगळा नका काढू.
बोलावणी तेवढी येऊ देत.
बाकीचं पुसू नका, पण समोरही नको."
असं करता येतं.
अपवाद टाकला, बाकीच्या टपालाला वेगळा खण केला.
खणाला नाव काय देऊ विचारलं.
त्यांनी क्षणभरही न थांबता सांगितलं :
"नीडफुल."

तिकीट मिटवताना कारण निवडावं लागतं.
सर्व्हर, नेटवर्क, वापरणाऱ्याची चूक, इतर.
मी बराच वेळ 'चूक'वर थांबलो
आणि 'इतर' दाबलं.

मंगळवारी संध्याकाळी नवं तिकीट,
बिपिन अमीन, पहिला मजला, तातडीचं :
'दिघेबेनना बोलावणं जातं हवे,
पण त्यांचं उत्तर दर वेळी
"कदाचित" असंच येतं.
जरा जोई लो ने, काही बिघाड आहे?'

मी चहा संपवला.
लिहिलं : तपासलं.
यंत्रणा अगदी व्यवस्थित चालू आहे.