तिसरी ओळ

पोर्टलवर तीन नावं, एकाखाली एक.
दोघांपुढे हिरवी खूण.
तिसऱ्यापुढे राखाडी गोल,
पाटीवर बोटानं अर्धवट पुसलेल्या शून्यासारखा.

डॉ. लेहटोनेन.

पंधरा डिसेंबर, रात्रीचे साडेदहा.
होटनला सकाळपासून बर्फ पडतोय,
कालव्यावरचा उचलपूल वरून निम्मा गायब.
टूसाँ आमच्यापेक्षा दोन तास मागे आहे
म्हणजे मुदत संपायला साडेतीन तास,
हे गणित मी आज सहाव्यांदा केलंय.

पहिली आठवण आभाराच्या भाषेत पाठवली.
दुसरीत लिहिलं, कदाचित माझी मेल स्पॅममध्ये गेली असेल.
तिसरीत पत्राचं नावच काढलं नाही,
फक्त एवढंच, की तुमच्याकडे वीज आहे ना.

आईचा फोन. वणीत सकाळचे नऊ,
मागे कुकरची शिट्टी.
मी पुन्हा समजावते, की सर लिहून देतात
मुलगी कशी आहे, काय करू शकेल.
"मंग वशिलाच ना तो."
वशिला नाही आई, शिफारस.
"तेच ते. ओळख लागतेच कुठंही."

ओळख.
फॉर्म त्यांनाही तेच विचारतो:
अर्जदाराला किती वर्षं ओळखता? कुठल्या नात्यानं?
शंभरात कितवी?
आणि मला विचारलं होतं, सप्टेंबरात,
हे पत्र वाचण्याचा हक्क सोडता का.
सोडला. सगळेच सोडतात, सोडलेला बरा दिसतो.
आता कुठल्यातरी पानावर मी असेन
आणि तिथं मलाच प्रवेश नाही.

त्यांना काय ठाऊक आहे माझं?
बेसाल्टचा काप मी तीस मायक्रॉनपर्यंत घासते, ते.
रविवारी येते, ते.
एकदा सूक्ष्मदर्शकावरून बाजूला होत ते म्हणाले, बघ,
आणि मी पाहिलं, आणि बराच वेळ
आम्ही दोघंही काही बोललो नाही.
हे लिहिता येतं का कुणाला?

आणि सतरा नंबरची स्लाइड?
माझ्या हातून फुटली होती.
खालच्या खणात, जुन्या नकाशांखाली सरकवली.
पुढच्या सोमवारी खण झाडलेला होता.
ना त्यांनी विचारलं, ना मी सांगितलं.

पान ताजं करते. राखाडी.
मेल उघडते. त्यांची नाही.
एमिट कोस्किला, दुसऱ्या वर्षाचा, माझ्या प्रॅक्टिकलच्या बॅचमधला:
घाई नाही, पण उन्हाळ्यातल्या त्या खाणीच्या कामासाठी
तुम्ही दोन ओळी लिहाल म्हणाला होतात.
कदाचित माझी आधीची मेल स्पॅममध्ये गेली असेल.

आधीची मेल नऊ दिवसांपूर्वीची.
मी तिच्यावर चांदणी लावून ठेवली होती.

बाहेर नांगरगाडी जाते, पिवळा दिवा फिरवत,
मधली वाट मोकळी करत
आणि तिचा सगळा ढीग
लोकांच्या दारांत लोटत.

कोरं पान उघडते.
एमिटला मी पंधरा आठवडे ओळखते.
मेहनती आहे. खोडते.
हुशार आहे, इतरांना मदत करतो. खोडते,
असा तर कुणीही असतो कागदावर.
मग लिहिते:
त्याच्या हातून स्लाइड फुटली
तर तो हात पुसायच्या आधी येऊन सांगतो.

हात थांबतो.
वाक्य खरं आहे. दोनदा वाचते.
माझ्याबद्दल हे कुणी लिहिणार नाही.

साडेअकरा. दुसऱ्या खिडकीत
तिसरी ओळ तशीच आहे.
मी तिकडे न बघता
पुढचं वाक्य शोधते, एमिटचं.