निळा किती मिनिटांनी गेला

डिसेंबरात इंदूरचं पाणी बोटांना चावतं.
भागीरथ साडेसातलाच पातेलं चढवायचा शेगडीवर,
थर्मामीटर खिशात असूनही
कोपर बुडवून सांगायचा, "हो गया मॅडम, सैंतीस."
मी मोजायचे. सदतीस. फार तर साडेसदतीस.
पाच लेकरांना न्हाऊ घातलेलं कोपर ते.

पहिलं वर्ष, प्रयोग चौथा.
खळखळून चूळ भरायची, मग लाळ परीक्षानळीत.
मुली लाजतात, मुलं पैजा लावतात,
सगळ्यांच्या दातांत अजून पोह्यांवरचं जिरावन.
पांढऱ्या टाइलवर आयोडीनच्या थेंबांची रांग,
दर मिनिटाला नळीतला एक थेंब त्यात.
पहिला काळानिळा.
दुसरा काळानिळा.
चौथा जांभळा, फाटक्या वहीतल्या शाईसारखा.
सहावा तपकिरी.
आठव्याला निमिषा पेंढारकर ओरडली, "गेला!"

आपणहूनही जातो निळा, मी सांगते,
पाण्यात नुसतं पिष्ट ठेवलं तरी फुटतं ते,
पण आपल्या नातवंडांच्या नातवंडांनी
इथं येऊन टाइल पाहिली
तरी थेंब निळाच असेल.
मग फळ्यावर मानपूरचा घाट काढते.
इंदूर तेवढंच उंच, निमाड तेवढंच खाली,
त्यात कुणाला काही बदलता येत नाही.
एन्झाइम फक्त मधल्या डोंगराला बोगदा पाडतं
आणि गाडी गेली की
तिथंच उभं, जसंच्या तसं, पुढच्या गाडीसाठी.

तिसरी नळी भागीरथची:
लाळ उकळून घेतलेली.
तिचे थेंब तास संपेपर्यंत निळे.
"घडी मोडली," मी म्हणते,
"अशी मोडली की परत बसत नाही."
तो दर वर्षी मान हलवायचा,
जणू ओळखीतलं कुणी वारलं.

फेब्रुवारीत तो एम. वाय. हॉस्पिटलात, तिसरा मजला,
पोट धरून अंगाचं मुटकुळं केलेला.
रिपोर्ट माझ्या हातात दिला:
अमायलेज, अकराशे चाळीस.
"ये अपनेवाला ही है?"
चुलतभाऊ, म्हटलं. पण गुन्हा त्याचा नाही,
तो नुसता घर फुटल्यावर रस्त्यावर आलेला साक्षीदार.
केलं ते दुसऱ्यानं.
स्वादुपिंड त्याला टोपी घालून, झोपवून पाठवतं,
टोपी काढायची ती आतड्यात पोचल्यावर.
हा घरातच जागा झाला.
समोर घरच होतं, तेच पचवायला लागला.

भागीरथ बराच वेळ छताकडे बघत होता.
"मतलब काम वही. जगह गलत."
मला वडिलांचं जुनं पुस्तक आठवलं,
त्यात एन्झाइमला विकर म्हटलं होतं,
आणि लहानपणी मी ते दर वेळी
विकार असंच वाचायचे.
एक काना. तो कुठे द्यायचा नाही
हे शरीराला रोज, दर क्षणी, लक्षात ठेवावं लागतं.

जुलैत परतला, शर्टात अर्धाच उरलेला.
दवा बाजारातून आणलेली डबी काढली:
जेवणाबरोबर दोन कॅप्सूल,
आयुष्यभर.
"मॅडम, चलती भी है कि नहीं, देखना तो पड़ेगा."
एक उघडून दाणे खलात कुटले,
पातेल्यात कोपर बुडवलं,
घड्याळ माझ्याकडे दिलं.

पहिला थेंब निळा.
दुसरा, बघता बघता, नुसत्या आयोडीनच्या रंगाचा.
मी वहीत लिहिलं: दोन मिनिटं.
त्यानं वही स्वतःकडे ओढून आकडा वाचला,
हात धुतले,
आज एकच उरली म्हणून ती गिळली
आणि खिडकीपाशी बसून डबा उघडला.
भात होता.