हेमेस, बडोद्याहून

पाटीवर लिहून फोटो धाडलास:
सध्या काय ऐकतेस?
लांबेल हं. चहा ठेवून ये.

पहाटे, दूध यायच्या आधी,
तीनशे वर्षांपूर्वीचा एक जर्मन.
डावा हात म्हणतो तेच
उजवा जरा मागून म्हणतो,
पण नक्कल नाही,
आपण ओली चादर पिळायचो ना तसं,
पीळ एकीचा उजवा, एकीचा डावा,
पाणी एकच.
मास्तरांनी ऐकलं असतं तर
पान गालात सरकवून म्हणाले असते,
‘सगळं ठीक, पण हा मनुष्य श्वास कधी घेतो?’
मलाही सापडत नव्हतं.

दुपारी तुझाच मुलतानी.
एकोणनव्वदची ती कॅसेट,
जिच्यात मध्येच कुकरची शिट्टी होते
आणि पुढचा षड्ज तू हसू दाबत लावतेस.
नातवाने फोनवर उतरवून दिली,
म्हणाला, शिट्टी काढून टाकू का?
खबरदार म्हटलं.

रात्री मात्र माझंच. हसू नकोस.

खोर्शेदबाई तारापोर फत्तेगंज सोडून
लेकीकडे पर्थला गेल्या. त्याआधी विश्वामित्री
त्यांच्या दिवाणखान्यात राहून गेली होती
दोन रात्री, मगरीच्या अफवेसकट.
पियानोच्या पायांवर गढूळ रेघ अजून आहे,
पेडलांच्या चार बोटं वर.
भंगारवाला किलोवर मागत होता.
मी दोन महिन्यांचं पेन्शन मोजून आणला
कारेलीबागेत: चार हमाल, एक दोर,
आणि सोसायटीच्या सेक्रेटरीचं तोंड.

आणंदहून मॅकवानभाई आले सुरात लावायला.
झाकण काढून आतून निघालं काय काय,
वाळू, करंजाची शेंग, अर्धी बांगडी,
कुणाच्या तरी कपाटाची किल्ली.
दिवेलागणीपर्यंत तारांना कान देऊन बसले,
मग हात पुसत म्हणाले,
‘बेन, बीजुं बधुं थई गयुं.
आ एक नहीं बोले.’

मधल्या सप्तकातली काळी दोन.
दाबली की आतून नुसतं लाकूड:
ठक्.

म्हणजे बघ, पांढरी एकचा सा धरला
तर नेमका कोमल गंधार गेला.
नि, सा, तीव्र म, ठक्, प.
सा बदल, म्हणशील. बदलला.
बोटांना चाललं, गळा बिथरला.
तेव्हापासून ती जागा आली की
गंधार मी तोंडानेच लावते,
आपण शिकलो तसा, जरा उतरलेला,
रिषभाकडे झुकून बोलणारा.
पट्टी धडधाकट असती
तरी तिला तो जमला नसताच.
खालच्या मजल्यावरचे पारेख विचारतात,
बाजाबरोबर कोण गातं मध्ये मध्ये
एकच अक्षर?

त्या जर्मनाचं एक सोपं पान बसवतेय.
त्यातही तीच पट्टी येते, तीनदा.
तिथे मी काही लावत नाही.
ठक्, आणि गप्प.
परवा तिसऱ्यांदा गप्प झाले
आणि लक्षात आलं,
अगं, इथेच घेता येतो की श्वास.

चैत्रापर्यंत तुला एक शब्दही बोलायचा नाही,
हे मला तुझ्या सुनेकडून कळावं?
असो.
फोन करत नाही म्हणून.
केला तर तू ‘काय गं’ म्हणशील, मला माहीत आहे.
ग्वाल्हेरला अजून गारठा असेल,
टाक्यांवर मफलर घट्ट गुंडाळू नकोस.

आता तुझी पाळी.
सध्या तू काय ऐकतेस?
राग, ताल, मोठं काही नको,
पाटीवर मावेल इतकंच लिही.
कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या,
तेही चालेल.