प्रश्न नववा

गळ्यातल्या पट्टीवर छापून आलंय
डॉ. नागमणी येमुल.
मी डॉक्टर नाही. विडी घरकुलात
एकतीस वर्षं अंगणवाडीची बाई होते.
पण नोंदणीच्या टेबलावरची पोरगी घाईत होती
आणि चहा निवत होता,
म्हणून दुपारपर्यंत मी डॉक्टर राहिले.

होटगी रस्त्यावरचं हॉटेल. पडदे ओढलेले.
बाहेर सोलापूरचं ऊन, आत स्वेटर घातलेली माणसं.
जीवनसत्त्व अ आणि मानवी आरोग्य, दिवस पहिला.
पडद्यावर एका रेणूची शेपटी, वाकलेली.
उजेड पडला की ती सरळ होते म्हणे,
आणि तेवढ्यानं आपल्याला दिसतं.
हे मला आवडलं. वहीत लिहून घेतलं.
यकृतातून डोळ्यापर्यंत त्याला एकट्याला जाता येत नाही,
एक प्रथिन लागतं, हाताला धरून नेणारं.
हेही लिहिलं.

आमच्या ट्रेनिंगला साहेब म्हणाले होते, बिटो.
मागच्या बाकावर ऐकू गेलं, विठोबा.
विठोबाचे डाग! सगळी बॅच हसली होती.
डोळ्याच्या पांढऱ्यात, बाहेरच्या कोपऱ्याला,
साबणाच्या फेसासारखा एक ठिपका.
पुढं तो दिसायला लागला, तेव्हा
कुणी हसलं नाही.

माझ्याकडं बाटली होती आणि चमचा,
वर्षाच्या आतल्याला एक रेघ, वरच्याला दोन.
पिवळं तेल. पदराला लागलं तर जायचं नाही.
यल्लव्वा चिटमिलच्या ओट्यावर
सुपात तेंदूची पानं, मांडीवर कात्री,
दिवसाकाठी हजार विड्या.
बाई दिवसभर पानांत हात घालून बसायची
आणि ताटात पानाचा तुकडा नसायचा.
(आज जेवणात शेवग्याच्या पाल्याचं सूप आहे.
पाटीवर त्याला मोरिंगा म्हटलंय.
ओळखलं नाही मी आधी.)

फॉर्मवर नववा प्रश्न होता:
मूल दिवेलागणीनंतर ठेचकाळते काय?
होय किंवा नाही, चौकोनात खूण.
यल्लव्वा म्हणाली, नाही हो,
आमचा श्रीशैल कुठं ठेचकाळतोय,
लई शहाणं लेकरू.
संध्याकाळ झाली की जाग्यावरनं हलत नाही.
मी लिहिलं, नाही.
खाली सही केली, स्वच्छ अक्षरात.
त्या फेरीला बाटली संपत आली होती.
ज्यांचं होय, त्यांना आधी.

आता पडद्यावर टक्के आहेत.
तरुण पोरगा बोलतोय, हैदराबादचा, चांगला बोलतोय.
सोलापुरातल्या जुन्या पाहणीत
रातांधळेपणा अपेक्षेपेक्षा कमी आढळला, म्हणतो,
कारण अजून स्पष्ट नाही.

माझा हात वर गेला.
माईक आला, पण सुरू होईना,
मग तशीच बोलले, ओट्यावर बोलतात तसं.
म्हटलं, ज्याला दिसत नाही ते पोर ठेचकाळत नाही, साहेब.
पहिल्यांदा ठेचकाळतं, दुसऱ्यांदा ठेचकाळतं,
मग बसायला शिकतं.
तुम्ही विचारा,
दिवे लागले की ते कुठं बसतं?

अध्यक्ष म्हणाले, आभारी आहोत, डॉक्टर.
वेळ संपली होती. लोक ताटांकडं गेले.

तो पोरगा मात्र जिन्यात गाठ घालून म्हणाला,
अम्मा, तेलुगूत कसं विचारायचं?
सांगितलं. एक्कड कूर्चुंटाडु?
त्यानं तळहातावर लिहून घेतलं.
मग त्यानं विचारलं, त्या मुलाचं काय झालं?

डावा गेला. उजवा राहिला.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात असतो,
फणीत तारा भरतो, एकेक, एका डोळ्यानं,
माझ्या मुलीच्या लग्नात चादर घेऊन आला होता.
मला मावशी म्हणतो.
नवव्या प्रश्नाचं त्याला माहीत नाही.

रिक्षानं परत येताना अशोक चौकात दिवे लागत होते.
माग खडखडत होते.
मी ओट्यांकडं बघत होते,
पळणाऱ्या पोरांकडं नाही,
बसलेल्यांकडं.