गोंगाट वजा करताना

कीटमान्सहूपमधून दर बुधवारी सहाला
ओटिली गोवासेस खोएखोए शिकवतात.
पडद्यावर नऊ चौकोन: दोन केपटाउनचे, एक ब्रेमेनचा,
एकात नुसतंच छत.

त्यांच्या भाषेत जीभ टाळूवरून सुटते नि अक्षर होतं.
आपण हळहळताना करतो ते च्च्,
घोडा हाकताना गालातलं टक्,
तसली चार. पण ती व्यंजनं आहेत, हळहळ नव्हे.

त्या म्हणाल्या, पाणी.
मशीनला वाटलं, कुणी पेनाचं टोपण लावलं.
त्याने ते टक् सभ्यपणे पुसून टाकलं.
ब्रेमेनच्या विब्केला उरलेलं ऐकू आलं: तोंड.
तिने वहीत उतरवलं.
तीन आठवडे पाण्याच्या जागी तोंड.

मग छतवाल्याच्या नातवाने
सेटिंगमध्ये शिरून सगळ्यांच्या गाळण्या काढायला लावल्या.
तेव्हा आलं सगळंच: शेळ्या, वारा,
शेजारचा जनरेटर, पत्र्यावर काहीतरी,
बाईंचा दमा, जो कुणालाच ठाऊक नव्हता,
आणि त्या सगळ्यात
पाणी.

विब्केने खोडलं.
नऊ जणांनी नऊ तऱ्हांनी चुकवलं.
पुन्हा, बाई म्हणाल्या,
आणि दारात आलेली शेळी हाकलायला उठल्या,
तेच टक् करत.